दोन हाकांमधली फट

१

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्याची आधीच माफी मागतो. आठवीत शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही जमत नव्हतं आणि मोठे शब्द मला आजही येत नाहीत. जे झालं ते जसं आठवतं तसं लिहितो. तोंडाने सांगायला गेलो की माझी जीभ टाळूला चिकटते. दुकानात सुट्टे मागायचे असले तरी मी दोनदा मनात म्हणून बघतो. कागदावर त्या मानाने बरं जमतं.

मी रातकिडे सांभाळतो. हसू नका, पगारी काम आहे. कॉलेजच्या तळघरात मॅडमची प्रयोगशाळा आहे, तिथे. प्लास्टिकचे मोठे डबे, वर जाळीचं झाकण, आत अंडी ठेवायचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे करून ठेवलेले, कारण किड्यांना आडोसा लागतो. सकाळी जुनं खाणं काढायचं, मेलेले उचलायचे, कापूस ओला करून ठेवायचा. पाण्याची वाटी ठेवली तर त्यात बुडून मरतात. गाजराचा तुकडा टाकला की खूश.

नर एका खोलीत, माद्या दुसऱ्या खोलीत. नर दिवसभर पंख घासून ओरडत असतात, त्या खोलीत गेलं की कान किटतात. माद्या मुक्या. त्यांना पंख असतात पण आवाज काढायची सोय नसते. माद्यांच्या खोलीच्या भिंतींना, दाराला, छतालाही जाड फोम लावलेला आहे. नरांचा आवाज त्यांच्या कानांवर पडता कामा नये. मॅडम म्हणतात, रोज हाक ऐकली की त्या निबर होतात, मग प्रयोगात पाय उचलत नाहीत. कधीच ऐकलेली नसली की पहिल्या हाकेला धावतात.

मॅडमच्या हाताखाली शिकणारा एक मुलगा आहे. त्याला सगळे चष्मा म्हणतात. तो त्या खोलीला लेडीज हॉस्टेल म्हणतो आणि मला रेक्टर.

"काय रेक्टर, मुली बऱ्या आहेत ना?"

मी मान हलवतो. माझं उत्तर एवढंच असतं, हे त्यालाही माहीत आहे.

घरी मी आणि ताई. आई-वडील गेल्यापासून तिनेच मला वाढवलं. ती लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करते. आमच्या दोन खोल्या आहेत. तिने स्वतःचं काही केलं नाही, म्हणजे लग्न वगैरे. कुणी विचारलं तर म्हणते, "एक बारक्या आहे तेवढा पुरे, दुसरा कोण सांभाळणार?" बारक्या म्हणजे मी.

२

प्रयोग कसा असतो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

थर्माकोलचा एक पांढरा चेंडू असतो. खालून हवा सोडलेली, त्यामुळे तो तरंगतो. मादीच्या पाठीला मेणाने एक काडी चिकटवतात आणि तिला चेंडूवर धरून ठेवतात. ती चालते, पण जागची हलत नाही, तिच्या पायांखाली चेंडू फिरतो. डावीकडे एक स्पीकर, उजवीकडे एक. नराची हाक ज्या बाजूने वाजवली तिकडे ती चालायला लागते. कॉम्प्युटरवर रेघ उमटते, ती कुठे चालली त्याची.

मग मॅडम तिच्या डोक्यात काचेची सुई घालतात. केसाहून बारीक. सुईचं टोक एका चेतापेशीत जातं, आणि ती पेशी बोलली की मशीनमधून टक् असा आवाज येतो. इतक्याशा डोक्यातल्या इतक्याशा पेशीचा आवाज आम्ही खोलीभर ऐकतो.

मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी विचारलं होतं, "कान कुठे असतात यांचे?"

"पुढच्या पायांत," मॅडम म्हणाल्या. "गुडघ्याच्या जरा खाली. बारीक पडदा असतो बघ, लांबट, पांढुरका."

चष्मा म्हणाला, "म्हणजे कान गुडघ्यात."

"तुझी अक्कल आहे तिथेच," मॅडम म्हणाल्या.

त्या चांगल्या आहेत. मला 'अरे' म्हणतात, पण समजावून सांगतात. त्यांनी सांगितलं, नर एकसारखा ओरडत नाही. ठोका, फट, ठोका, फट, असं असतं. पहिला ठोका ऐकला की मादीच्या डोक्यातली एक पेशी गप्प बसते. थोडा वेळ दाबून बसते आणि मग आपोआप उसळते. बरोबर त्या उसळीच्या क्षणी दुसरा ठोका आला, तर पुढची पेशी टक् म्हणते.

"झोका देतो तसं," मी म्हणालो. मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. "झोका परत आला की त्याच क्षणी धक्का द्यायचा. आधी नाही, नंतर नाही."

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या. "तिला आवाज ओळखता येत नाही. दोन आवाजांमधली फट ओळखता येते. फट बरोबर, म्हणजे आपला. संपलं."

"आणि फट बुजवली तर?"

त्यांनी वाजवून दाखवलं. फटीच्या जागीही तोच सूर भरला, सलग. पेशी गप्प झाली, मादी चेंडूवर थांबली. "पण त्याच पट्टीचा सूर हवा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या पट्टीतला कितीही मोठा आवाज केलास तरी तिचा कान तो घेतच नाही."

त्या दिवशी मी अजून एक विचारलं. "हाक कोण मारतंय ते तिला कळतं का?"

"कसं कळणार? माझ्या स्पीकरकडे चालत जाते बिचारी."

३

मग एका सकाळी मी माद्यांच्या खोलीत गेलो आणि पहिला डबा उघडला. सगळ्या एका बाजूला होत्या.

डब्यात उष्ण कोपरा असेल तर किडे तिकडे जातात, त्यात विशेष काही नाही. मी ट्रे हलवले, गाजर दुसऱ्या टोकाला टाकलं. दुसरा डबा उघडला. त्यातही सगळ्या त्याच बाजूला. तिसऱ्यात तेच. एकीच्या अंगावर एक चढून, प्लास्टिकला पुढचे पाय टेकवून. गुडघ्याखालचा भाग प्लास्टिकला घट्ट चिकटवलेला.

मी दिवा बघितला, तो मध्यभागी होता. हात फिरवून वारा येतो का बघितलं. फोमच्या खोलीत वारा कुठून येणार? मी सगळे डबे अर्धे फिरवून ठेवले. नरांच्या खोलीचं काम करून परत आलो तोवर माद्या डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्या होत्या. म्हणजे खोलीच्या त्याच भिंतीकडे.

नरांची खोली त्या बाजूला नाही. त्या भिंतीमागे काही नाही. तळघर आहे, भिंतीमागे माती.

आणखी एक गोष्ट मला दुपारी डबा खाताना जाणवली. नर गप्प होते. ज्या खोलीत कान किटतात तिथे एक पंख हलत नव्हता. सगळे ट्रेच्या खाली, आत, जितकं आत जाता येईल तितकं आत.

मी चष्म्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "हॉस्टेलच्या मुली खिडकीशी गर्दी करतात तेव्हा बाहेर कोण उभं असतं, रेक्टर?" आणि हसला. मग डबे बघून त्याचं हसू जरा कमी झालं. "मॅडमना सांगतो," म्हणाला.

मॅडमनी गाजर बदलायला सांगितलं.

४

त्याच आठवड्यात सुईचा प्रयोग होता. मादी चेंडूवर, सुई पेशीत, मॅडम मशीनवर. मी बाजूला उभा होतो, मेणाची वाटी गरम ठेवायचं काम माझ्याकडे असतं.

स्पीकर अजून चालू केले नव्हते.

टक्.

मॅडमनी वर पाहिलं. "कोणी वाजवलं?"

"मी नाही," चष्मा म्हणाला.

टक्. थोड्या वेळाने परत टक्. मादी चालायला लागली. चेंडू फिरायला लागला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. कॉम्प्युटरवरची रेघ तिरकी निघाली, दोन्ही स्पीकर सोडून, त्या भिंतीकडे.

"विजेचा घोळ आहे," मॅडम म्हणाल्या. "अरे, स्पीकरचा प्लग काढ."

मी प्लग काढला. वायर हातात धरून उभा राहिलो. टक्. त्यांनी दिवे घालवले, पंखा बंद केला, कॉम्प्युटर आणि सुईचं मशीन सोडून सगळं बंद केलं. खोली इतकी शांत झाली की चष्म्याच्या नाकातली शीळ ऐकू येत होती. टक्. टक्. टक्.

मी कान देऊन ऐकत होतो. मला हाक ऐकू येत नव्हती. कुणालाच येत नव्हती. फक्त तिचं उत्तर ऐकू येत होतं.

"कुठे रेकॉर्डिंग चालू राहिलंय का?" असं काहीतरी मॅडम स्वतःशी पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "पेशी खराब झाली. दुसरी घ्या." दुसरी मादी घेतली. तिचीही पेशी तशीच बोलली, त्याच फटीने. तेव्हा मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, आज पुरे, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

वर जाताना जिन्यात मी धीर करून विचारलं, "मॅडम, माणसात असते का अशी पेशी?"

"असेल की. कुणी शोधली नाही. माणूस सुई खुपसू देईल का डोक्यात?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "का रे? तुला कोणी बोलावतंय?"

मी लाजलो. चष्मा मागून म्हणाला, "याला? हा 'ओ' द्यायलाच अर्धा दिवस घेईल."

५

घरी आलो तर ताई खुर्चीत बसली होती. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली.

त्या भिंतीवर काही नाही. कॅलेंडरही दुसरीकडे आहे.

"काय बघतेस?"

"कुठे काय."

"भिंतीकडे बघतेस."

"मग काय तुझ्या थोबाडाकडे बघू? हात-पाय धू, जेवण झाकून ठेवलंय."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी तिला तसं हसताना पाहिलं. तिने केस धुतले होते, ठेवणीतली साडी नेसली होती. कुठे जाऊन आलीस म्हटलं तर म्हणाली कुठेच नाही. मी जेवायला बसलो. तिने पुन्हा खुर्ची गाठली. दोन्ही बाह्या वर सरकवल्या आणि पुढे झुकून दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत भिंतीला टेकवले. जसं उन्हाने तापलेलं माणूस थंड फरशीला अंग लावतं तसं.

"काय करतेस?"

"गार वाटतं. दिवसभर इस्त्रीपुढे उभी राहून बघ तू, मग कळेल."

खरंच असेल, मी स्वतःला सांगितलं. पण मला भिंतीची दिशा समजत होती. कामावर माद्या ज्या भिंतीकडे तोंड करतात, तिकडे आमचं घर आहे. आणि घरी ताईचं तोंड कॉलेजकडे होतं. म्हणजे घराकडे नाही, कॉलेजकडे नाही. मध्ये कुठेतरी.

मी रेडिओ लावला. मोठ्याने लावला. गाणं लागलं, जाहिरात लागली, बातम्या लागल्या. ती भिंतीशी तशीच होती. शेजारच्या काकूंनी येऊन आवाज कमी करायला सांगितला, तेव्हा तिने वळूनही पाहिलं नाही.

काकू गेल्यावर ती आपणहून बोलली. "बारक्या, तुला कधी कुणी बोलावलंय?"

"कुठे?"

"कुठे म्हणजे काय. नुसतं बोलावलंय? मला आजवर कामाला बोलावलं सगळ्यांनी. तुझ्या शाळेत बाईंनी बोलावलं, तक्रार सांगायला. हॉस्पिटलात बोलावलं, सही करायला. असं नाही कधी." तिने हात भिंतीवरून काढले आणि खाली आणायला जड झाल्यासारखे मांडीवर ठेवले. "असं, मीच पाहिजे म्हणून."

तेव्हा मला तिच्या डाव्या हातावर ते दिसलं. कोपराच्या जरा खाली, आतल्या अंगाला. लांबट, पांढुरकं, दुधावर साय धरते तसं. मी हात धरला तसा तिने झटक्याने मागे घेतला.

"इस्त्री लागली," ती म्हणाली.

इस्त्री लागली तर लाल होतं, फोड येतो. हे मला माहीत होतं. पण तिचे हात जन्मभर इस्त्रीने भाजलेले आहेत, जुने डाग पांढरे पडतातच, हेही मला माहीत होतं. मी उजव्या हाताकडे बघायचं टाळलं.

६

कोपऱ्यावरच्या डॉक्टरने मलम लावून जाड पट्टी बांधली. "दोन-तीन दिवस पाणी लावू नका," म्हणाला. डाव्या हाताला. उजव्या हाताचं तिने दाखवलंच नाही, बाही खाली ओढून बसली.

घरी येऊन ती स्वयंपाकाला लागली. ओट्यावरून काहीतरी घ्यायला वळली आणि वळतच राहिली. टेबलाला वळसा घालून ओट्याशी आली, परत वळली, परत टेबलाला वळसा. उजवीकडून, दर वेळी उजवीकडून. हातात रिकामं भांडं. चेहऱ्यावर काहीतरी हरवल्यावर असतो तसा गोंधळ.

"काय शोधतेस ताई?"

"आत्ता तर होतं," ती म्हणाली. "इकडेच होतं."

मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. मी हे आधी पाहिलेलं आहे. चष्मा कधी कधी मादीच्या एका पायावरचा कान मेणाने बंद करतो. मग हाक कुठून येते हे तिला कळत नाही, तिला वाटतं ती उघड्या कानाच्या बाजूनेच येतेय. ती त्या बाजूला वळते आणि वळतच राहते. कॉम्प्युटरवर रेघ येत नाही, गोल येतो. गोलावर गोल.

ताई माझ्यासमोरून गेली. परत गेली. भांडं टेबलाच्या कडेला लागत होतं आणि दर वेळी तसाच आवाज येत होता.

मला ते बघवलं नाही. मी तिला खुर्चीत बसवलं आणि पट्टी सोडली. मलम पुसलं. डॉक्टरने काय सांगितलं त्याचा मी विचार केला नाही, ती भोवरा झालेली मला नको होती एवढंच. मलम पुसताच ती स्थिर झाली. तिची मान सरळ झाली, जशी पाटी सरळ लावावी तशी. भिंतीकडे.

"हां," ती म्हणाली, आणि हसली.

ही माझी चूक झाली. सोडायला नको होती. दुसराही हात बांधायला हवा होता.

७

पुढच्या दिवशी दुपारी लॉन्ड्रीच्या मालकाचा कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. "तुझी बहीण इस्त्री चालू टाकून गेली. शर्ट जळाला. काय चाललंय काय?"

मी पळत निघालो. कॉलेजहून घरी जायच्या रस्त्यावर बरोबर मध्ये पोहण्याच्या तलावाची बंद इमारत आहे. कित्येक वर्षं पाणी नाही, तिकिटाची खिडकी फळ्यांनी बंद केलेली. मी रोज तिच्यावरून जातो. त्या दिवशी लांबूनच दिसलं की शटर हातभर वर आहे.

मी खाली वाकून आत गेलो.

बाहेर लख्ख दुपार होती. आत छताच्या काचांतून हिरवट उजेड येत होता, मळलेल्या बाटलीतून यावा तसा. रिकामा तलाव, पांढऱ्या फरशा, त्यांच्यावर धुळीचा थर. एका टोकाला उथळ, मग उतार, मग खोल. उतारावर ताई उभी होती. पाठ माझ्याकडे. दोन्ही बाह्या वर, हात पुढे केलेले, कोपरापासून मनगटापर्यंत उघडे.

मी तिला हाक मारली. मी जोरात बोलत नाही, पण तेव्हा ओरडलो. माझा आवाज सगळीकडे घुमला आणि विरला. तिने वळून पाहिलं नाही.

मी उतारावर उतरलो. तेव्हा पायाशी धूळ हलताना दिसली. वारा नव्हता. धूळ बारीक रेघांमध्ये गोळा होत होती, रेघेशेजारी रेघ, जशी वाळूवर लाट ओसरल्यावर दिसते. मग ती विस्कटायची. मग पुन्हा रेघा. आणि प्रत्येक वेळी रेघा उमटल्या की ताई एक पाऊल टाकायची. आवाज कसलाही नव्हता. मी श्वास धरून ऐकलं. खरंच नव्हता.

खोल बाजूला अंधार होता. असणारच, वरच्या काचा तिथे पत्र्याने झाकल्या आहेत. हे मी मनात म्हटलं, शब्द न् शब्द. पण अंधाराला कड नसते, आणि याला होती. लांब, जराशी वाकलेली. ती कड फरशीपासून सावकाश वर उचलली गेली. तिच्याखाली दुसरी कड होती. एक दुसरीवरून सरकली.

माझ्या पायाखालच्या फरशा थरथरल्या. ताईने पाऊल टाकलं आणि तिच्या तोंडून 'हं' असा बारीक हुंकार आला, लाडाने कुणाला तरी 'आले, आले' म्हणावं तसा.

मी तिला मागून मिठी मारली. माझे दोन्ही तळवे तिच्या हातांवर दाबले, कोपराच्या जरा खाली. तळव्यांखाली काहीतरी कातडीपेक्षा पातळ होतं आणि ते धडधडत होतं. मी आणखी घट्ट दाबलं. ती एकदम ढिली पडली, माझ्या अंगावर कलली. तिचं वजन मला इतकं कमी लागेल असं वाटलं नव्हतं.

मी तिला तसंच, पाठमोरी, उतारावरून वर ओढत नेलं. कड तशीच वर उचललेली होती. सरकत नव्हती. थांबली होती. कुणी बोलणं थांबवून उत्तराची वाट बघतं ना, तशी.

शटरखालून निघताना मी मागे बघितलं नाही.

८

घरी आल्यावर मी तिचे दोन्ही हात बांधले. आधी कापूस, मग मेणबत्तीचं मेण कोमट करून, मग पट्टी. कामावर हेच होताना बघतो. दाराच्या कड्या लावल्या.

संध्याकाळ झाली. ती खुर्चीत बसली होती. भिंतीकडे वळत नव्हती, दाराकडे जात नव्हती, गोल फिरत नव्हती. मी सुटलो असं मला वाटलं. मी चहा केला.

"ताई, चहा."

ती समोर बघत होती.

"ताई."

काहीच नाही. मी तिच्या समोर जाऊन बसलो, तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. डोळे हलले नाहीत. मी कप तिच्या ओठांना लावला, चहा हनुवटीवरून खाली आला. मी जोरात हाक मारली. भांडं आपटलं. कान तर तिचे जागेवर होते, मी केस मागे सारून बघितलेही. पण माझं काहीच आत जात नव्हतं. ती आता त्या हातांनीच ऐकत होती. मी ते बंद केले तेव्हा त्याची हाक बंद केली आणि माझीही.

दोन्ही कान बुजवलेली मादी चेंडूवर अशीच बसते. चालत नाही, खात नाही. काडीवरून काढून डब्यात ठेवली तरी जिथे ठेवली तिथेच. काही दिवसांनी मी तिला उचलून टाकतो.

मी तिच्या पायाशी बसून होतो. ज्या बाईने मला घास भरवले ती बाई माझ्यासमोर बसली होती आणि मी तिला ठेवलं होतं, पण कुठे ठेवलं होतं? तिला जाऊ दिलं असतं तर ती निदान हसत गेली असती. हा विचार आला आणि त्याची मला इतकी भीती वाटली की मी उठून कड्या परत बघून आलो.

९

सकाळी मी पट्ट्या सोडल्या.

ठरवून नाही. तिचे ओठ सुकले होते, ती पाणीही गिळत नव्हती, माझ्यापुढे दुसरं काही नव्हतं. दाराला टेबल लावलं, तिच्यासमोर बसलो, उजवा हात मांडीवर घेतला आणि मेण काढायला लागलो. काढता काढता बोलत होतो, लहान मुलाला इंजेक्शन देताना बोलतात तसं काहीही. "झालं हं ताई, जरासं राहिलं, हे बघ हे निघालं, आता दुसरा दे, दुखतंय का, दुखत असेल तर सांग, कापूस चिकटलाय, ओला करतो, थांब—"

शेवटचा कापूस निघाला. मी मान वर केली. ती माझ्याकडे बघत होती.

भिंतीकडे नाही. माझ्याकडे. कपाळाला आठी, जशी मी शाळेतून उशिरा आल्यावर असायची.

"किती बोलतोस रे," ती म्हणाली. आवाज कोरडा पडला होता.

मी गप्प झालो. आनंदाने गप्प झालो. आणि त्या गप्पपणात तिची आठी हळूहळू विरली, डोळे माझ्यावरून सुटले, आणि मान, सावकाश, त्या बाजूला वळायला लागली.

"ताई, ऐक ना," मी म्हणालो.

मान थांबली.

मग मी बोलायला लागलो. मला बोलता येत नाही, पण बोललो. गाजराचा भाव बोललो. डब्याची जाळी कशी फाटते ते बोललो, चष्मा मला काय काय म्हणतो ते, आई गेली तेव्हा मला काय वाटलं होतं ते, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तेही बोललो. ती ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, "हे कधी बोलला नाहीस." ती पाणी प्यायली. मी तिच्या हातांवर तळवे ठेवले नाहीत, नुसतं बोललो. मॅडम म्हणाल्या होत्या, फट बुजवायला त्याच पट्टीचा सूर लागतो. माझी पट्टी कोणती मला माहीत नाही. लागते आहे एवढंच दिसतंय.

ऊन दारापर्यंत आलं तेव्हा माझं बोलायचं संपलं. शब्दच संपले. म्हणून वही घेतली आणि हे लिहायला बसलो. लिहितोय आणि प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणतोय. कशाबद्दल आहे याने तिला फरक पडत नाही. तलावाचं वाचलं तेव्हा ती नुसती म्हणाली, "पायात चपला नव्हत्या ना माझ्या?"

घसा बसत चाललाय. ते मला चालेल. मला भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे. दर वाक्याच्या शेवटी मला श्वास घ्यावा लागतो. मी तो लवकर घेतो, तोंडाने, जमेल तितका छोटा. तरी तेवढी फट राहते. आणि दर वेळी तेवढ्या फटीत तिची मान जराशी, केसभर, वळते, आणि मी पुढचं वाक्य सुरू करेपर्यंत परत येत नाही.